अर्धा ट्रॅक्टर कोण म्हणतं?

एकर-दीड एकराचा धनी यंत्र घ्यायला बाहेर पडला की त्याला सल्ला देणारे खूप भेटतात, आणि सगळ्यांचा सल्ला जवळपास एकच असतो. ऐपत असेल तर मिनी ट्रॅक्टर घे, नसेल तर पॉवर वीडरवर भागव, पण पॉवर टिलरच्या नादी लागू नकोस. कारणंही ठरलेली. टिलर हा ना धड ट्रॅक्टर, ना धड हातातलं अवजार. त्याच्या मागे चालून पाय मोडतात, हातांना मुंग्या येतात. ते जुन्या काळातलं, गरिबाचं यंत्र. जग पुढे गेलं. एका यंत्राकडून दहा कामं करून घ्यायला गेलं की एकही नीट होत नाही. आणि शेवटी हुकमाचा पत्ता निघतो: ट्रॅक्टर तासावर मिळतो की, मग स्वतःचं यंत्र हवंच कशाला?

हे मत अवजारांच्या दुकानात ऐकू येतं, कर्ज देणाऱ्या बँकेत ऐकू येतं, घाटावरच्या पाहुण्यांकडून ऐकू येतं. मुरबाड-कर्जतकडे वीस-चाळीस गुंठे घेऊन नव्याने शेती करू पाहणाऱ्या नोकरदारांच्या गप्पांतही हेच असतं. इतक्या तोंडून ऐकल्यावर ते खरंच वाटू लागतं. पण ते चूक आहे, आणि या चुकीची किंमत सल्ला देणारा मोजत नाही. ती मोजतो कर्ज काढून ट्रॅक्टर घेणारा, ज्याचा ट्रॅक्टर वर्षातले दहा महिने पडवीत उभा असतो. किंवा स्वस्तात वीडर घेणारा, ज्याला पहिल्याच पावसाळ्यात कळतं की या यंत्राने चिखलणी होत नाही.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी, कारण या सल्ल्यात जमीन कुठेच नसते. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातलं सरासरी खातं १.०८ हेक्टरचं आहे, महाराष्ट्रातलं १.३४ हेक्टरचं. देशातली सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरच्या आतली आहेत. आणि हे खातं म्हणजे एक सलग तुकडा नव्हे. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, तरी कोकणातल्या कुठल्याही गावात एका घराची जमीन पाच-सात ठिकाणी विखुरलेली सापडते. दोन कुणगे व्हाळाजवळ, एक मळ्यात, थोडी वरकस जमीन डोंगराच्या उताराला, घराभोवती माड-पोफळी. खाचरं दोन, तीन, पाच गुंठ्यांची. आकार वेडेवाकडे, प्रत्येकाची पातळी वेगळी, मध्ये बांध. तिथे पोचायची वाट म्हणजे दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावरून.

या जमिनीत मिनी ट्रॅक्टर घालून पाहावा. पाच गुंठ्यांचं एक खाचर घेऊ, पंचवीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. रोटाव्हेटर लावलेल्या छोट्या ट्रॅक्टरला टोकाशी वळायला प्रत्येक बाजूला साडेतीन-चार मीटर तरी हवेत. म्हणजे पंचवीस मीटरांतले सात-आठ मीटर केवळ वळण्यात जातात. ते पट्टे नंतर आडवे मारता येतात हे खरं, पण मग आडव्या फेरीची वळणं कुठे घ्यायची? कोपरे राहतात ते राहतातच. बांधाच्या कडेने फूटभर पट्टा सुटला तर नव्वद मीटरच्या घेरात जवळजवळ सत्तावीस चौरस मीटर जमीन गेली, म्हणजे खाचराच्या पाच टक्क्यांहून जास्त. ती कुदळीने खणायला माणूस लागतो. खाचर दोन गुंठ्यांचं असेल तर हा हिशोब आणखी वाईट होतो. आणि ट्रॅक्टर त्या खाचरात उतरला कसा, बांध फोडून की शेजाऱ्याची लावणी तुडवून, हा प्रश्न सल्ला देणाऱ्याला कधी पडतो का?

टिलर जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो पाणंदीतून जातो, लहान साकवावरून जातो, फळ्या टाकून बांधावरून उतरतो. वळताना एका बाजूचा क्लच दाबला की त्या बाजूच्या चाकाचा जोर सुटतो आणि यंत्र जवळजवळ जागच्या जागी फिरतं. ट्रॅक्टर जिथे तीनदा मागेपुढे होतो तिथे टिलर एका झटक्यात वळतो. दोन गुंठ्यांच्या खाचरात दिवसाचं काम किती झालं हे यावर ठरतं, अश्वशक्तीच्या आकड्यावर नव्हे.

यावर उत्तर येतं, मग स्वस्तातला वीडरच का नको? तोही लहान आहे, तोही मागे चालूनच चालवायचा. इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो, आणि दुकानदार तो दूर करण्याच्या फंदात फारसे पडत नाहीत. दोन्ही यंत्रांना हँडल आहे, दोन्हींना इंजिन आहे, दोन्ही माती उकरतात, म्हणून ती एकाच घरातली लहान-मोठी भावंडं, असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. बहुतेक हलक्या वीडरमध्ये चाकांच्या जागी, त्याच आसावर, पाती बसवलेली असतात. तीच पाती माती खणतात आणि तीच यंत्राला पुढे ओढतात. वेग आवरायला मागे एक दांडा जमिनीत रुतवून ठेवावा लागतो. माती मऊ असेल तोवर हे ठीक चालतं. जरा घट्ट जमीन लागली की पाती खणायचं सोडून मातीवरून पळू लागतात, यंत्र उड्या मारतं आणि चालवणारा त्याला दाबून धरत घामाघूम होतो.

खऱ्या दोनचाकी ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे टिलरमध्ये, चाकं वेगळी आणि रोटर वेगळा. इंजिनची ताकद गिअरपेटीत येऊन दोन वाटांनी जाते. एक वाट चाकांना, दुसरी अवजाराला. त्यामुळे चाकं हळू, रोटर जोरात, असं करता येतं. रोटर काढून नांगर लावता येतो, ट्रॉली जोडता येते, रबरी टायर काढून चिखलणीची लोखंडी चाकं घालता येतात. दोन यंत्रांतला फरक हा आहे. किंमत किंवा आकार यांतला फरक त्यातूनच येतो.

वजनाचाही हिशोब आहे. चाकांवर जेवढा भार, त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत ओढ टणक जमिनीवर मिळते. ऐंशी-शंभर किलोच्या वीडरला चाकं लावली तरी ओढ फार तर चाळीस-पन्नास किलोंची. साडेतीनशे किलोचा एक बैल सतत काम करताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ देतो असं धरलं, तर एका जोताची सत्तर किलो होते. म्हणजे वीडर जोताच्याही मागे. बारा-तेरा अश्वशक्तीचा डिझेल टिलर रोटरीसह चारशे किलोंच्या घरात जातो आणि जोताच्या पुढे निघतो. चिखलात ही ओढ कमी होते, पण तिथे रोटर कामाला येतो. फिरती पाती मातीला मागे ढकलतात आणि यंत्राला पुढे लोटतात. नांगराला ओढ लागते, ओढीला वजन लागतं, म्हणून मोठा ट्रॅक्टर जड असतो. रोटरला तेवढी ओढ लागत नाही. रोटाव्हेटर मारण्यासाठीच मिनी ट्रॅक्टर घेणारा माणूस जड यंत्राचे पैसे मोजतो आणि त्या वजनाचा उपयोगच करत नाही. उलट भातखाचराच्या चिखलात तेच वजन यंत्राला खाली रुतवतं.

ज्याची फक्त दहा गुंठ्यांची भाजी आहे, ओळींतलं तण काढायचं आहे आणि बाकी काही नाही, त्याने खुशाल वीडर घ्यावा. एवढंच या सल्ल्याला देता येईल.

आता पायपिटीचा आक्षेप. टिलरची रोटरी साधारण साठ सेंटीमीटर रुंद धरली तर एक एकर जमीन एकदा फिरवायला चालवणाऱ्याला पावणेसात किलोमीटर चालावं लागतं. फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढतात हे धरलं तर आठ. चिखलणीला दोनदा फिरवलं तर सोळा. हे कमी नाही. पण ज्यांना ही पायपीट असह्य वाटते त्यांनी लाकडी नांगराचं तास मोजावं. पंधरा-वीस सेंटीमीटरच्या तासाने एक एकर नांगरायचं म्हणजे वीस ते सत्तावीस किलोमीटर. उखळणी एकदा, चिखलणीपूर्वी पुन्हा एकदा, असं करत कोकणातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे अंतर चालत आला, तेही बैलांना हाकत. त्या चालीचा एक तृतीयांश शिल्लक राहतो म्हणून यंत्रच टाकाऊ ठरतं? शिवाय हे अंतर दीड एकराच्या मालकाला वर्षातून किती दिवस चालायचं आहे? रोज वीस एकर मशागत करणाऱ्याने आसन शोधावं. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हा आक्षेप गैरलागू आहे. कोरड्या शेतात काम करताना मागे छोटं चाक आणि बैठक लावता येते, ती सोयही आहे.

हात बधिर होण्याची तक्रार मात्र खरी आहे. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनची कंपनं लांब हँडलमधून थेट मनगटात येतात. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी मशागत, चिखलणी आणि वाहतूक करताना या कंपनांची मोजमापं केली आहेत. यावर उपाय आहेत. मुठींना जाड रबर, इंजिनाखालचे रबरी आधार वेळेवर बदलणं, बोल्ट आवळणं, घरातल्या दोघांनी आलटून पालटून चालवणं. दिवसभर एकट्यानेच हँडल धरलं तर कोणतंही यंत्र अंगावर येईल. पण हा दोष दाखवून शेतकऱ्याला ट्रॅक्टरकडे ढकलणारे ट्रॅक्टरच्या आसनावर बसून कंबर दुखणाऱ्यांबद्दल कधी बोलत नाहीत.

धोक्याचंही असंच. टिलरच्या रोटरमध्ये पाय जाऊ शकतो, विशेषतः मागे घेताना. म्हणून मागचा गिअर टाकण्याआधी रोटर बंद, हा नियम पाळायलाच हवा, आणि ज्या यंत्रात मागच्या गिअरबरोबर रोटर आपोआप सुटतो तेच घ्यावं. दुसरा धोका नवशिक्याला कोणी सांगत नाही. सपाटीवर डावा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळतं. पण भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येताना भार मागून ढकलत असतो. तेव्हा डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटून जास्त पळतं, उजवं इंजिनच्या ताब्यात राहतं, आणि यंत्र उजवीकडे जातं. घाटीच्या वळणावर हे माहीत नसलेला माणूस दरीच्या बाजूला जाईल. हे शिकवावं लागतं, आणि ते विकणाऱ्याने शिकवलंच पाहिजे. पण बांधाच्या कडेला एक चाक घसरून ट्रॅक्टर उलटला की बसलेला माणूस त्याच्याखाली येतो. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात हा धोका रोजचा आहे. टिलर उलटला तर चालवणारा त्याच्या मागे, जमिनीवर उभा असतो. मग उताराच्या जमिनीत सुरक्षित यंत्र कोणतं?

सगळ्यात जास्त राग आणणारा आक्षेप म्हणजे हे गरिबाचं, मागासलेलं यंत्र असल्याचा. तो जितक्या आत्मविश्वासाने केला जातो तेवढीच त्यात माहिती कमी असते. फिरत्या पात्यांनी माती फोडण्याची कल्पना स्वित्झर्लंडमध्ये कोनराड फोन मायेनबुर्ग यांनी १९१०च्या सुमारास पेटंट करून पुढे आणली. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या वडिलांच्या शेतावर रोटरचे प्रयोग सुरू केले आणि इंग्रजी एल आकाराची पाती बसवून १९२०मध्ये पेटंट घेतलं. आज आपल्या टिलरमध्ये आणि मोठ्या रोटाव्हेटरमध्ये तीच पाती फिरतात. इटलीत मिलानजवळच्या अब्बियातेग्रासोमध्ये १९४३ साली बीसीएस ही कंपनी गवत कापणारं दोनचाकी यंत्र घेऊन उभी राहिली आणि आजही दोनचाकी ट्रॅक्टर बनवते. त्यांच्या यंत्रांचं हँडल अर्ध्या वर्तुळात फिरवता येतं. रोटर मागे लावायचा, नाहीतर हँडल उलटं करून गवत कापणी समोर लावायची. द्राक्षमळ्यांच्या ओळींत, भाज्यांच्या वाफ्यांत, घराजवळच्या बर्फातसुद्धा ती चालतात. आल्प्सच्या उभ्या उतारांवर, जिथे चारचाकी ट्रॅक्टर उलटेल तिथे, स्विस शेतकरी काटेरी चाकांच्या दोनचाकी यंत्राने गवत कापतो. तो गरीब आहे म्हणून नव्हे. त्याच्या उताराला तेच यंत्र लागतं म्हणून.

जपानचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीन सुधारणा झाल्या, कुळं मालक झाली, आणि शेतं सरासरी हेक्टरभराची राहिली. कुबोटाने १९४७मध्ये आपला पहिला टिलर बाजारात आणला. पुढच्या दोन दशकांत जपानी भातशेतीतून बैल आणि घोडे गेले ते मोठ्या ट्रॅक्टरमुळे नव्हे, या दोन चाकांमुळे. भारतातला टिलरही तिथूनच आला. बंगळुरूच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या तंत्रावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केलं, आणि केरळ सरकारच्या कॅम्कोने १९७३ पासून कुबोटाच्या तंत्रावर. जपान पुढे चारचाकी भात-यंत्रांकडे वळला हे खरं आहे. पण त्याआधी त्याने शेतांची पुनर्रचना केली, तुकडे जोडले, प्रत्येक खाचराला रस्ता नेला. आपल्याकडे खाचरं तीच, बांध तेच, वाट तीच. यंत्र मात्र जपानच्या आजच्या पिढीचं हवं?

एवढं लांब जायचं नसेल तर बांगलादेशकडे पाहावं. १९८८च्या भीषण पुरानंतर गुरं वाहून गेली होती, बैल मिळत नव्हते. तिथल्या सरकारने लहान डिझेल इंजिनं आणि टिलर यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले. चिनी बनावटीचे बारा अश्वशक्तीचे टिलर आले, आणि दोन-तीन दशकांत त्या देशातली बहुतांश मशागत टिलरवर गेली. तिथला शेतकरी आपल्या शेतकऱ्यापेक्षा लहान जमिनीचा मालक आहे. त्याने टिलर घेतला, स्वतःचं शेत केलं आणि मग शेजाऱ्यांची शेतं भाड्याने करून दिली. त्याच इंजिनावर पंप चालतो, मळणीयंत्र चालतं, नदीतली होडी चालते. पुढे टिलरला जोडायची पेरणीयंत्रं आणि कापणीयंत्रं आली. थायलंडमध्ये या यंत्राला लोखंडी रेडा म्हणतात, आणि आपल्या दारच्या रेड्याइतकंच ते तिथे घरचं झालं आहे.

भाड्याच्या ट्रॅक्टरचा हुकमाचा पत्ता याच ठिकाणी फसतो. भाड्याचं यंत्र वाईट असतं असं कोणी म्हणत नाही. प्रश्न यंत्र कोणतं आणि ते कधी येतं हा आहे. मृग लागला, तरवा पेरला, आषाढात पाऊस धरला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. तालुक्यात ट्रॅक्टर असतात मोजके. ट्रॅक्टरवाला आधी रस्त्याकडेची मोठी शेतं घेतो, कारण त्याचं इंजिन तासावर पैसे कमावतं, आणि वेडीवाकडी दोन गुंठ्यांची खाचरं वळणांत त्याचा तास खातात. व्हाळापलीकडचा शेवटचा कुणगा करायला तो येत नाही. आला तर पुनर्वसू उलटल्यावर. रोप पिवळं पडतं, लावणी उशिरा होते, उत्पन्न घटतं. या उशिराचा हिशोब भाड्याच्या स्वस्ताईत कोण मांडतो? बांगलादेशात भाड्याची पद्धत चालली कारण यंत्र लहान होतं, गावातच होतं, आणि शेजाऱ्याच्या मालकीचं होतं. म्हणजे भाड्याचा युक्तिवाद शेवटी टिलरच्याच बाजूने उभा राहतो. वाडीत चार घरांत मिळून एक टिलर असेल तर दहा एकर जमीन वेळेत होते.

आणि बैल परत येतील या आशेवर कोणी बसू नये. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. वर्षभर वैरण घालून वीस दिवसांच्या कामासाठी जोत सांभाळणं कोकणातल्या घराला आता परवडत नाही, कारण गुरं राखणारा तरुण मुंबईत आहे. जोताची जागा कुठल्यातरी यंत्राने घ्यायची आहेच.

एक यंत्र, दहा कामं, म्हणून एकही नीट नाही, हा आक्षेप ऐकायला पटतो. पण लहान शेतीचं वर्षच दहा कामांचं असतं. जून-जुलैत चिखलणी. पावसानंतर वाल-कुळथासाठी किंवा भाजीसाठी जमीन भुसभुशीत करणं, सऱ्या पाडणं. हिवाळ्यात विहिरीवर पंप. मोहोर येताना तुडतुड्यांसाठी दाबाच्या पंपाने आंब्यावर फवारणी. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या, शेणखत, चिरे यांची टनभर भार ओढणाऱ्या ट्रॉलीतून ने-आण. यांतल्या प्रत्येक कामाला वेगळं यंत्र घ्या म्हणणारा माणूस दीड एकराच्या उत्पन्नातून सात इंजिनं कशी पोसायची ते सांगेल का? पंप, फवारणी, मळणी यांना इंजिन लागतं, आणि पट्टा चढवून ते टिलरच्या इंजिनावर उत्तम होतं. ज्या यंत्राचा वर्षातून एकच उपयोग असतो ते गंजतं. ज्याचा दर महिन्याला उपयोग असतो त्याचं तेल वेळेवर बदललं जातं.

स्त्रियांना टिलर पेलत नाही, असंही म्हटलं जातं. चारशे किलोचं यंत्र टोकाला वळवायला अंगात ताकद लागते, हे खरं. पण मग उपाय कोणता? आठ-नऊ अश्वशक्तीचं हलकं यंत्र, बाजूचे क्लच हलके लागणारं, हँडलची उंची बदलता येणारं. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या गटांतल्या स्त्रियांनी यंत्रं चालवायचं प्रशिक्षण घेऊन खंडाच्या जमिनीत भातशेती केली आहे. आपल्याकडे पुरुष नोकरीनिमित्त बाहेर आणि घरची शेती बाईच्या हाती, असं चित्र निम्म्या कोकणात आहे. तिच्या हाताला बसेल असं यंत्र मागण्याऐवजी तिला शेतीतूनच बाजूला काढणारा हा आक्षेप खपवून घेता कामा नये.

ट्रॅक्टरवाद्यांचं एक म्हणणं मान्य आहे. विदर्भ-मराठवाड्यातली खोल काळी जमीन उन्हाळ्यात नांगरायची, दहा-पंधरा एकर सलग, तिथे टिलर लागू पडत नाही. भेगाळलेल्या कोरड्या काळ्या मातीत त्याची पाती झिजतात आणि नांगर वर येतो. तिथे मोठा ट्रॅक्टर हवा, मिनीसुद्धा नव्हे. पण लातूरच्या शेतासाठीचा सल्ला लांज्याच्या खाचराला कसा लागू होईल? आणि काळ्या जमिनीचा दोन एकरवाला वर्षातून एकदा नांगरटीपुरता ट्रॅक्टर भाड्याने आणून उरलेली सगळी कामं टिलरने करू शकतोच.

तेव्हा निवड करायची ती अशी. चाकं आणि रोटर वेगळे आहेत का, हे आधी खाली वाकून पाहावं. अवजाराचा क्लच चाकांपासून स्वतंत्र आहे का, मागच्या गिअरमध्ये रोटर बंद होतो का, उतार असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय आहे का. इंजिन डिझेलचं असावं, कारण चिखलणीत पूर्ण जोरावर चार-पाच तास चालायचं असतं आणि हलकं पेट्रोल इंजिन त्या मेहनतीत लवकर थकतं. यंत्राची रुंदी आपल्या पाणंदीतून आणि बागेतल्या दोन झाडांमधून जाते का, ते टेपने मोजावं. पाती, पट्टे, क्लचच्या तबकड्या, तेलाची सीलं तालुक्याच्या गावी मिळतात का, हे दुकानदाराला नव्हे, तेच यंत्र तीन-चार वर्षं वापरणाऱ्या शेतकऱ्याला विचारावं. २०२०च्या जुलैपासून टिलर आणि त्याच्या सुट्या भागांच्या आयातीवर केंद्राने निर्बंध घातले आहेत. ज्याचे भाग देशात बनत नाहीत असं अनोळखी परदेशी यंत्र घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत टिलरला ४० ते ५० टक्के अनुदान मर्यादेसह मिळतं. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण अनुदान किती यावरून यंत्र ठरवू नये, यंत्र ठरल्यावर अनुदान पाहावं.

ज्यांना अजूनही दोन चाकांचा ट्रॅक्टर अर्धा वाटतो, त्यांच्याकडे एकच मागणी आहे. प्रदर्शनातल्या गालिच्यावर नव्हे, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, गुडघाभर चिखलात, तीन गुंठ्यांच्या वेड्यावाकड्या खाचरात तिन्ही यंत्रं उतरवावीत. पाणंदीतून आणावीत, बांध न फोडता आत घालावीत, घड्याळ लावून चिखलणी करावी आणि शेवटी न झालेले कोपरे फुटपट्टीने मोजावेत. कृषी विभागाने आणि दापोलीच्या विद्यापीठाने ही प्रात्यक्षिकं कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात, विक्रेत्यांच्या देखत घ्यावीत. तोवर तुकड्या-तुकड्यांच्या दीड एकरावर जगणाऱ्या माणसाने दोन चाकांचा ट्रॅक्टरच घ्यावा, आणि तो नाइलाज म्हणून नव्हे, पहिली निवड म्हणून घ्यावा.